भरतच्या वाट्याचा रोट

दिनांक १०/०८/२०२५, रविवार
जबाब देणार: दगूबाई उखा पाटील, वय अंदाजे ६१ वर्षे, धंदा शेती, राहणार कोरीट, ता. जि. नंदुरबार
जबाब लिहून घेणार: हवालदार इंद्रसिंग गिरासे

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पतीचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते वर हवालदारांनी लिहिले आहे. मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायांनी आले आहे. मला वाचता येत नाही, सही तेवढी येते. मी अहिराणीत सांगते आहे आणि हवालदार भाऊ शाळेच्या मराठीत लिहीत आहेत. जिथे त्यांचा शब्द मला पटला नाही तिथे मी माझा शब्द लिहायला लावला आहे.

आमची शेती कोरीट शिवारात, घराच्या मागे नाल्यापलीकडे आहे. यंदा उन्हाळ्यात आमच्या शेतात मोठ्या लाइनीचा टॉवर उभा राहिला. ही लाइन नव्या उपकेंद्राकडे जाणार आहे. टॉवर झाले, तार ओढायची बाकी आहे. पाऊस लागला, वावरात गाड्या रुतू लागल्या म्हणून काम थांबले. तारेचे मोठमोठे लाकडी ड्रम आमच्या शेताच्या कोपऱ्यात चिंचेखाली ठेवले आहेत. त्यांच्या राखणीस ठेकेदाराने खात्या पावरा या इसमास बसवले आहे. तो तोरणमाळकडचा, वरच्या पाड्यातला आहे. वय चोवीस-पंचवीस असावे. इसम हा शब्द हवालदारांचा. मी पोऱ्या म्हणते.

परवा शुक्रवारी दुपारी त्यांतील एका ड्रमाची तार कोणीतरी कापून गाडीत घालून नेली. ठेकेदाराचे सुपरवायझर योगेंद्र यांनी फिर्याद दिली आहे की, ते तिथे आले तेव्हा खात्या जागेवर नव्हता, म्हणजे तो चोरांना सामील आहे. त्या वेळी तू कुठे होतास, असे त्याला त्यांच्या माणसांनी विचारले, मारूनही विचारले. त्याने सांगितले नाही. काल त्याला ठाण्यात आणले, इथेही त्याने तोंड उघडले नाही असे मला कळले.

माझे म्हणणे असे की, तो त्या वेळी माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर जेवत बसला होता. तार कोणी नेली हे मला ठाऊक नाही. मी गाडी पाहिली नाही, माणसे पाहिली नाहीत, आणि कोणावर माझा संशय नाही. पण खात्याने नेली नाही, हे मी कोणासमोरही सांगेन.

आज सकाळी आल्याबरोबर मी तोंडी असे सांगितले होते की तो माझ्याकडे भाकर खात होता. तेव्हा हवालदारांनी मला विचारले की, बाई, भाकर खाल्ली एवढे सांगायला कोणी दोन दिवस मार खातो का? मी बाहेर बाकावर जाऊन बसले, पाणी प्याले आणि परत आत आले. भाकर हे खोटे होते. खरे आहे ते आता सांगते.

ठाण्याचे मोठे साहेब घाटावरचे आहेत, त्यांना आमच्याकडचे ठाऊक नसणार, म्हणून हे नीट लिहून घ्यावे असे मी हवालदारांना सांगितले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे आमची देवी कानबाई बसते. त्या दिवशी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. आमच्या घरात ज्याच्या त्याच्या नावाचा रोट वेगळा असतो. हवालदारांनी इथे प्रसाद असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. प्रसाद कोणालाही देतात. रोट फक्त भाऊबंदच खातात. लेक सासरी गेली की तिलासुद्धा मिळत नाही. रोट उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, गुराला घालत नाहीत, टाकत नाहीत, आणि राखी पौर्णिमेच्या आत तो संपला पाहिजे.

यंदा कानबाई माझ्या घरी होती. गहू मोजायला मी बसले. सुपात एकेकाच्या नावाने मूठ टाकायची असते. घरधन्यांची टाकली, जेठ म्हणजे थोरले दीर हेमकांत यांची टाकली, पुतण्यांची टाकली, आणि पुढची मूठ मी भरतच्या नावाने टाकली. तोंडाने नावही घेतले. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आले. पंचवीस वर्षे हात तसाच चालला होता, त्याला कोणी सांगितले नव्हते. एकदा नावाने पडलेला गहू परत काढता येत नाही, म्हणून तो दळला गेला आणि त्याचा रोट भाजला गेला.

भरत माझा मुलगा. एकच होता. गेल्या माघात वारला. गव्हाला पाणी सुरू होते, लाइटीचा जोर कमी झाला आणि मोटर गुणगुणत बसली. आमच्याकडे तसे नेहमीच होते. लाइनीच्या शेवटच्या टोकाला आम्ही, पाटाच्या टोकाला पाणी पोचते तशी आमच्याकडे लाइट पोचते. मग एखादा फेज जातो, मग गावातला कोणी पोऱ्या डीपीवर जाऊन फ्यूज टाकतो. सगळीच पोरे टाकतात. त्या दिवशी तो गेला होता. चूक कोणाची, यावर मला आज काही लिहून द्यायचे नाही.

टॉवरला मी जागा दिली ती यासाठी, हेही लिहावे. मापे घ्यायला आलेल्या इंजिनिअरने मला सांगितले की, मावशी, ही लाइन झाली आणि उपकेंद्र सुरू झाले की तुमच्याकडचा ताण हलका होईल. मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने तेच सांगितले, म्हणून मी हो म्हटले. तेव्हा जेठ मला भर गल्लीत म्हणाले, "लाइटनी आपला पोऱ्या खाई लिधा, आनि तू लाइटलेच वावरमां बलाई ऱ्हायनी?" मी म्हणाले, लाइटीत जोर नव्हता म्हणून तो वर चढला, जोर असता तर चढला नसता. यावर ते रागाने निघून गेले. मलाही राग आला होता. टॉवरच्या पायाचे खोदकाम झाले त्या दिवशी मी घरातून बाहेर पडले नाही. मग हळूहळू जाऊ लागले. आता रोज एकदा तरी जाऊन बघते.

खात्या तेव्हापासून तिथे आहे. आधी खड्डे खोदायला होता, मग राखणीला बसला. कामाला चोख, बोलायला कमी. पावसाळ्याआधी आमच्या बांधाचे दगड ढासळले होते, ते त्याने न सांगता रचून ठेवले. मी विचारले, तुला कोणी सांगितले होते? तर म्हणाला, रिकामाच बसलेलो असतो. मी त्याला कधी लोणचे, कधी चटणी नेऊन देत असे. एवढीच ओळख. आमच्यात देणेघेणे काही नाही, भांडणही नाही.

आता रोटाचे सांगते. रविवारी सगळ्यांनी आपापले रोट खाल्ले. भरतचा राहिला. जेठ म्हणाले, मेलेल्याचा वाटा जिवंत माणसाने खायचा नाही. जेठाणी म्हणाली, चूक तुझी, आता तूच बघ. काय बघू, हे मात्र कोणी सांगेना. घरधन्यांपुढे मी तो दोन वेळा ठेवला. बापच तो, मला वाटले खाईल. त्यांनी हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. मी शिंक्यात टांगून ठेवला. दिवसातून दहा वेळा चुलीच्या खोलीत जावे लागते, आणि गेले की डोळा तिकडेच जाई. पौर्णिमा शनिवारी होती. शुक्रवार उजाडला तरी रोट शिंक्यातच होता.

शुक्रवारी दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. मिरचीच्या रोपांत पाणी तुंबले का ते पाहायला मी वावरात गेले. खात्या चिंचेखाली ताडपत्री पांघरून बसला होता. पुढे तीन दगडांची चूल, पण विझलेली. मी विचारले, जेवलास का? तो म्हणाला, लाकडे भिजली, उद्या टाकेन भाकर. मला त्याचा फार राग आला. मी म्हणाले, "अरे येडा, समोर घर दिखस ना तुले? उपाशी बशी ऱ्हायना?" तो म्हणाला, जागा सोडली तर साहेब ओरडतील. मी म्हणाले, साहेबाचे मी बघते, तू चल. तरी तो उठेना, तेव्हा मी त्याच्या दंडाला धरून उठवले. त्यामुळे जागा सोडल्याबद्दल कोणाला बोल लावायचा असेल तर मला लावावा. योगेंद्र साहेबांनाही हे मी तोंडावर सांगेन.

रोट द्यायचे माझ्या मनात होते का, असे हवालदारांनी विचारले. निघताना नव्हते. त्याला कळण्याची भाकर आणि ठेचा द्यायचा, एवढेच होते. तो घरात येऊन भिंतीशी उभा राहिला. बसेना. तेव्हा घरधनी उठले आणि त्यांनी आपल्या हाताने त्याला पाट सरकवला. माघापासून ते असे आपणहून कशाला उठलेले मी पाहिले नव्हते. मी टोपलीकडे वळले. टोपलीत भाकर होती. खोटे सांगणार नाही, दोन भाकरी होत्या. तरी मी शिंक्याला हात घातला.

घरधन्यांनी ते पाहिले. मी त्यांच्याकडे बघितले, त्यांनी मला अडवले नाही. मी रोट वाटीत कुस्करला, वर दूध ओतले, गूळ घातला आणि पोऱ्यापुढे ठेवला. पाच दिवसांचा रोट, लाकूड झाला होता. दुधात भिजायलाच वेळ लागला. अर्धा खाल्ल्यावर तो म्हणाला, पुरे. मी म्हणाले, पुरे चालत नाही, हा पूर्ण संपवावा लागतो. त्याने विचारले, हे काय आहे? मग मी त्याला सांगितले. कानबाईचे सांगितले, भरतचे सांगितले, मूठ कशी पडली ते सांगितले. त्याने वाटी खाली ठेवली. मला वाटले आता हा उठतो. पण तो वाटी उचलून पुन्हा खाऊ लागला. शेवटचे दूधही प्याला. तोवर पुन्हा पाऊस आला होता, म्हणून मीच त्याला थांबवले. तो एवढा वेळ जागेवर का नव्हता, याचे कारण हे आहे.

रोटाची वाटी रिकामी झाली तेव्हा मला रडू आले. घरधनीही रडले. खात्या खाली मान घालून बसला होता. बिचाऱ्याला कुठे बघावे ते कळेना.

त्याने ताटातच हात धुतले आणि ते पाणी मी घरातल्या खड्ड्यात ओतले, आमच्यात तशी रीत आहे. तो निघाला तेव्हा मी त्याला उंबऱ्याशी अडवून म्हणाले, "कोन्ले सांगू नको. तुले मन्ही आन शे." भाऊबंदांच्या भीतीने मी ही आण घातली. तो म्हणाला, नाही सांगणार. त्यानंतर शेताकडून आरडाओरडा ऐकू आला, पण त्या लोकांची रोजच काहीतरी बोलाचाली असते, म्हणून मी गेले नाही. गेले असते तर ते तिथल्या तिथे मिटले असते. मी गेले नाही.

काल पौर्णिमेला आम्ही दोघे जेठांच्या घरी जेवायला होतो. तिथे कोणीतरी म्हणाले, तो वरचा पोऱ्या चोर निघाला, त्याला ठाण्यात नेले. मी तिथेच बोलले की तो माझ्या घरी होता. काय करत होता असे जेठांनी विचारले, आणि मी रोटाचे सांगितले. जेठाणीने पदर तोंडाला लावला. मग जेठ मला ओसरीवर घेऊन गेले. त्यांनी मला शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही, हे मी सांगते, कारण त्यांच्यावर खोटा आळ यायला नको. ते म्हणाले, ठाण्यात जायचे तर जा, पण "भाकर सांग ना. भाकर कोन्ले टोचस?" आणि रोट असे कागदावर आले तर "पुढला साले तुन्हं सूप येगळं."

सूप वेगळे म्हणजे आम्ही भाऊबंदांतून बाहेर. आमच्या नावाची मूठ पडणार नाही, आमच्या दारी कानबाई येणार नाही, लग्नकार्याला कोणी बोलावणार नाही. मला याची भीती वाटते, हे स्पष्ट लिहून घ्यावे. आमच्या मागे कोणी नाही. घरधनी सत्तरीला आले आहेत, उद्या त्यांचे काही झाले तर खांदा द्यायला हेच चौघे यायचे. रात्रभर मी याचाच विचार करत पडले होते. जेठांचेही मला कळते. त्यांच्या आजोबांपासून जे बाहेर गेले नाही ते माझ्या हातून गेले. ते माणूस वाईट नाहीत. भरतला त्यांनीच डीपीवरून खाली घेतले होते.

सकाळी घरधन्यांना विचारले, काय करू? ते म्हणाले, पोऱ्या उपाशी असेल तिथे, काही खायला घेऊन जा. मी फडक्यात भाकर बांधून आणली आहे. ती बाहेर बाकावर आहे, त्याला द्यायची परवानगी मिळावी.

मी आल्यानंतर थोड्या वेळाने जेठ हेमकांत मोटरसायकलने ठाण्यात आले आहेत. मी सांगत असताना ते दारात उभे आहेत. त्यांनी सगळे ऐकले आहे. हवालदारांनी त्यांना विचारले की तुम्हाला काही सांगायचे आहे का. ते म्हणाले, माझे काही सांगणे नाही, ती सांगते ते तिचे तिने बघावे.

वरीलप्रमाणे लिहून झाल्यावर खातरजमेसाठी हवालदारांनी खात्यास माझ्यासमोर आणले. त्याचा एक डोळा सुजलेला आहे, तो शुक्रवारी ठेकेदाराच्या माणसांनी मारल्याने सुजला असे तो सांगतो. हवालदारांनी त्याला विचारले, शुक्रवारी दुपारी तू कुठे होतास? तो बोलला नाही. हवालदार म्हणाले, अरे, बाईने सगळे सांगितले आहे, हे बघ लिहिले आहे, आता तू सांगितलेस तर सुटशील. तरी तो बोलला नाही. मी म्हणाले, सांग रे, मी आण सोडली. त्याने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले, आणि हळू आवाजात मला म्हणाला, "माय, ते दारमां उभा शेतस. तरी सांगू का?"

मी म्हणाले, सांग. मोठ्याने सांग.

तेव्हा तो म्हणाला की, मी मायच्या घरी होतो, रोट खाल्ला. कोणाचा रोट, असे हवालदारांनी विचारले. तो म्हणाला, भरतचा. मग दोन दिवस का बोलला नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "मायनी आन दिधी व्हती. माले चोर म्हनतीन, दोन-चार सालमां भुली जातीन. मायले तिन्हा लोके सोडी देतीन ते कोन शे तिले?"

यानंतर जबाब थोडा वेळ थांबवण्यात आला. दरम्यान जेठ दारातून निघून गेले. मोटरसायकलचा आवाज मी ऐकला. ते आले तेव्हा त्यांच्याबरोबरच घरी परत जायचे असे मी मनात धरले होते.

मला अजून सांगायचे आहे ते एवढेच. खात्याला सोडेपर्यंत मी या ठाण्यातून उठणार नाही. किती वेळ लागेल ते हवालदारांनी सांगितलेले नाही, ते त्यांच्या हातात नाही असे म्हणतात. लागू द्या. त्याला सोडले म्हणजे त्याला घेऊनच मी कोरीटला जाईन. घरधन्यांनी एवढा वेळ दाराकडे डोळे लावले असतील, त्यांच्यासमोर मी एकटी जाऊन उभी राहणार नाही.

हे सारे मला अहिराणीत सांगून आणि मराठीत वाचून, दोन्ही प्रकारे ऐकवले. खोडलेले शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. रोट हा शब्द जिथे जिथे आहे तिथे तो मीच सांगितला आहे आणि तो तसाच राहावा. ऐकले ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे, म्हणून खाली सही करते.

सही: दगूबाई
समक्ष: इंद्रसिंग गिरासे, हवालदार